माशांसाठी पाण्यावरचं पीक

टाकीतल्या पाण्यावर बारीक हिरव्या चकत्यांचा थर आला आहे. तो काढून टाकायचा की माशांना खाऊ द्यायचा? घरात गोल्डफिश पाळणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. दुकानातून एखादी पाणवनस्पती आणली की तिच्या मुळांना चिकटून दोन-चार चकत्या घरात येतात आणि बघता बघता पाण्याचा पृष्ठभाग हिरवा होतो. ज्याने त्या उपसून टाकल्या, त्याच्या टाकीत त्या पुन्हा येतात. ज्याने तशाच ठेवल्या, त्याला एके दिवशी दिसतं की माशांनीच त्या फस्त केल्या आहेत. मग दुसरा प्रश्न उभा राहतो : माशांना हे एवढं आवडतं, तर घरीच पिकवून रोज देता येईल का?

येतं. या पिकाला माती लागत नाही, बी लागत नाही आणि खतही बहुतेक वेळा विकत आणावं लागत नाही. लागतो एक पसरट टब, थोडं ऊन आणि दोन बाबतींत काटेकोरपणा. टबात कुठलं पाणी जातं ही एक आणि टबातून किती पीक बाहेर निघतं ही दुसरी. डकवीड नावाच्या या वनस्पतीची सारी गंमत आणि सारा धोका या दोन गोष्टींत आहे.

हे सगळं समजून घेताना नाशिकजवळचं एकलहरे डोळ्यापुढे ठेवू. नाशिकरोडच्या पूर्वेचं हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते औष्णिक वीज केंद्रामुळे. तिथला पहिला संच १९७० साली सुरू झाला. २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिले. उंच धुराडी, केंद्राची वसाहत, शेजारून जाणारी गोदावरी आणि भोवती शेती. डकवीड वाढायला जे जे लागतं ते इथे आहे आणि ते बिघडवू शकणारंही बरंच काही इथेच आहे. म्हणून हे उदाहरण सोयीचं.

१. शेवाळ नव्हे, पाणवेलही नव्हे

पाण्यावर हिरवं दिसलं की आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. पण शेवाळ हाताला बुळबुळीत लागतं, त्याचे तंतू असतात, ते दगडाला किंवा काचेला धरून राहतं. डकवीडची प्रत्येक चकती सुटी असते. बोट बुडवून वर काढलं की पाच-पंचवीस चकत्या बोटाला चिकटून येतात आणि त्यांच्या वरच्या बाजूवर पाणी ठरत नाही, थेंब घरंगळून जातो.

गोदावरीवर नाशिकच्या खाली मैलोन् मैल पसरते ती पाणवेल वेगळी. तिला फुगीर देठ, मोठी पानं आणि जांभळी फुलं येतात. गोठ्यांशेजारच्या खड्ड्यांत जनावरांसाठी वाढवतात तो अझोलाही वेगळा. ते नेच्याच्या कुळातलं झाड आहे, त्याची पानं खवल्याखवल्यांची असतात आणि उन्हात ती तांबूस होतात. अझोल्याच्या पानांत राहणारे सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन पकडून त्याला देतात. डकवीडला ही सोय नाही. त्याला नायट्रोजन पाण्यातूनच मिळवावा लागतो आणि आपल्या दृष्टीने तेच बरं आहे. का, ते चौथ्या भागात येईल.

डकवीड म्हणजे एक झाड नसून एक छोटं घराणं आहे. त्यात जगभर मिळून छत्तीसच्या आसपास जाती आहेत. आपल्याकडे तीन प्रकार सहज ओळखता येतात. दोन-चार मिलिमीटरची फिकट हिरवी चकती आणि तिच्या खाली लोंबणारं एकच मूळ, ती लेम्ना. त्याहून मोठी, खालून जांभळट, आणि मुळांचा झुपका असलेली स्पायरोडेला. आणि एक मिलिमीटरहूनही लहान, मूळच नसलेली, पाण्यावर रवा सांडल्यागत दिसणारी ती वुल्फिया. वुल्फियाची गणना जगातल्या सर्वांत लहान फुलझाडांत होते. थायलंडमध्ये ती माणसंच भाजी म्हणून खातात.

गोल्डफिशसाठी लेम्ना सर्वांत सोयीची. ती माशाच्या तोंडात सहज जाते, चहाच्या गाळणीत सापडते आणि धुताना निसटत नाही.

२. अळूच्या कुळातलं

या चकत्यांना खोड नाही, खरं पान नाही, फूल क्वचितच येतं आणि आलं तरी भिंगाशिवाय दिसत नाही. त्यामुळे ही वनस्पती मूळची कुठल्या कुळातली, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ बराच काळ डोकं खाजवत होते. या कोड्याचा मोठा धागा भारतात सापडला. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९५० च्या दशकात डकवीडच्या फुलांचा आणि बीजांच्या वाढीचा बारकाईने अभ्यास केला. १९५८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी मांडलं की स्पायरोडेला ही डकवीड आणि अळूचं कुळ यांना जोडणारी कडी आहे. पुढे जनुकांच्या अभ्यासानेही हे नातं पक्कं केलं. आज डकवीड अळू-सुरणाच्याच कुळात मोडतं.

हे नातं स्वयंपाकघरातही कळतं. अळू नीट शिजवला नाही तर घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. डकवीडमध्येही ऑक्झलेट असतं, जातीप्रमाणे कमी-अधिक. मासे ते आनंदाने खातात, पण माशांना फक्त डकवीडवरच ठेवू नये याचं हे एक कारण आहे. दुसरं कारण पाण्याचं. ताज्या डकवीडमध्ये वजनाने ९२ ते ९५ टक्के पाणी असतं. मासा पोटभर खातो, पण त्यातला सत्त्वाचा भाग थोडा.

तो भाग मात्र चांगला असतो. वाळवलेल्या डकवीडमध्ये प्रथिनं १५ पासून ४० टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही थोडी जास्त असतात. दुकानातल्या चांगल्या गोळी-खाद्यात साधारण ३० ते ४० टक्के असतात. म्हणजे उत्तम वाढलेलं डकवीड गोळी-खाद्याच्या बरोबरीला येतं आणि उपाशी डकवीड त्याच्या निम्म्यावर राहतं. एकाच वनस्पतीत एवढा फरक पडतो तो पाण्यामुळे.

उपाशी डकवीड ओळखणं सोपं आहे. पाण्यात अन्न कमी असलं की मुळं लांबलचक होतात. ती अन्नाच्या शोधात खाली वाढत जातात. चकत्या फिक्या, पिवळट पडतात. भरल्या पोटाच्या डकवीडची मुळं आखूड आणि चकत्या गडद हिरव्या असतात. टबाकडे रोज नजर टाकणाऱ्याला कुठल्याही तपासणीशिवाय आपल्या पिकाचा कस कळतो.

३. दोनाचे चार व्हायला किती दिवस?

चांगल्या हवेत लेम्ना दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. प्रत्येक चकतीच्या कडेला दोन छोट्या खाचा असतात. त्यांतून पिल्लू-चकती बाहेर येते, काही काळ आईला चिकटून राहते आणि मग सुटी होते. सुटी व्हायच्या आधीच तिच्या खाचेत पुढची पिढी तयार होत असते. घराण्यातला सर्वांत वेगवान सदस्य भारतीय उपखंडातलाच आहे : वुल्फिया मायक्रोस्कोपिका. जर्मनीत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिला दुप्पट व्हायला जेमतेम ३० तास लागले. फुलझाडांमध्ये एवढी वेगवान वाढ मोजल्याची नोंद त्याआधी नव्हती.

आपण लेम्नाचाच हिशेब करू आणि दुप्पट व्हायला तीन दिवस धरू. दुकानातून ५० चकत्या आणल्या. तीन दिवसांनी १००, सहा दिवसांनी २००, पंधरा दिवसांनी १,६००. इथवर टब रिकामाच वाटतो आणि बरेच जण इथेच कंटाळतात. पण एकविसाव्या दिवशी ६,४००, सत्ताविसाव्या दिवशी २५,६०० आणि तिसाव्या दिवशी ५१,२००. साठ सेंटिमीटर लांब आणि चाळीस सेंटिमीटर रुंद टबाचा पृष्ठभाग झाकायला साधारण ४०,००० चकत्या पुरतात. म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी टबाचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग उघडा असतो आणि पुढच्या तीन दिवसांत तो काठोकाठ भरतो.

भरल्यावर मात्र वाढ थांबते. हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. डकवीड पृष्ठभागावर जगतं. त्याला जागा म्हणजे ऊन. एकावर एक थर चढले की खालच्यांना ऊन मिळत नाही, ते पिवळे पडतात, कुजतात आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. म्हणून भरलेला टब बघून समाधान मानणं हा तोटा आहे. काढलं तरच वाढतं.

घरोघरी दही लागतं ते याच रीतीने. काल लावलेल्या दह्यातलं चमचाभर विरजण राखून बाकीचं वापरायचं, आणि त्याच चमच्यातून उद्याचं भांडं लावायचं. डकवीडच्या टबातही दर खेपेला निम्मं विरजण म्हणून ठेवावं. निम्मा पृष्ठभाग झाकलेला आणि निम्मा उघडा, ही या पिकाची सर्वांत उत्पादक स्थिती. तीन दिवसांनी टब भरला की पुन्हा निम्म्यापर्यंत आणायचा.

४. टाकीचं घाण पाणी हेच खत

गोल्डफिश फार घाण करतो, अशी तक्रार सगळेच करतात आणि ती खरी आहे. खाल्लेल्या प्रथिनांतला नायट्रोजन मासे अमोनियाच्या रूपात मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. टाकीतले उपयुक्त जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट साठत गेलं की पाणी बदलावं लागतं, म्हणून आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून टाकायचा रिवाज आहे.

आता दुसरी बाजू. डकवीडला वाढायला नेमका अमोनिया आणि नायट्रेट लागतं. त्यातही अमोनियातला नायट्रोजन ते आधी उचलतं. माशांच्या विष्ठेतून आलेला फॉस्फरसही त्याला हवा असतो. म्हणजे जे पाणी मोरीत जायचं, ते टबात गेलं की खत झालं. त्या खतावर वाढलेलं डकवीड पुन्हा माशांच्या पोटात जातं. अझोला स्वतःचा नायट्रोजन हवेतून आणतो, त्यामुळे टाकीचं पाणी साफ करायच्या कामात तो डकवीडएवढा उपयोगी नाही. डकवीड पाण्यावरच अवलंबून आहे, म्हणून ते पाणी साफ करतं.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं ते बांगलादेशात. टांगाइल जिल्ह्यातल्या मिर्झापूरला कुमुदिनी नावाचं रुग्णालय आणि शिक्षणसंस्थांचं संकुल आहे. १९९० च्या सुमारास तिथल्या सांडपाण्यावर डकवीडचा लांबलचक तलाव उभारण्यात आला. सांडपाणी एका टोकाने आत येई, डकवीड त्यातलं खत शोषून घेई, रोज कापणी होई आणि तो हिरवा माल शेजारच्या तळ्यांतल्या माशांना घातला जाई. जागतिक बँकेने १९९३ साली डकवीडच्या शेतीवर जी पुस्तिका काढली, तिच्या मागे मिर्झापूरचा अनुभव होता. आपल्याकडे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनेही डकवीड वापरून सांडपाणी साफ करायची पद्धत बसवली आहे. मिर्झापूरचे मासे कार्प होते, म्हणजे रोहू-कटल्याचे कुळबंधू. गोल्डफिशही त्याच कुळातला. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये साध्या कार्पांतून निवडून निवडून त्याची जात घडवली गेली. मिर्झापुरात जे तळ्यात झालं, ते बाल्कनीत होण्यासारखं आहे.

५. एका टबात किती माशांचं पोट भरेल?

इथे ‘पोट’ हा शब्द जपून वापरायला हवा, कारण गोल्डफिशला जठर नसतं. अन्न घशातून थेट लांब आतड्यात जातं. जबड्यात दात नसतात. घशात दातांची एक जोडरांग असते, तिने तो पाला चुरडतो. साठवायची पिशवीच नसल्यामुळे त्याचा स्वभाव दिवसभर थोडं थोडं चरत राहण्याचा. दिवसातून एकदा मूठभर कोरड्या गोळ्या टाकल्या की तो त्या हावरटपणे गिळतो, गोळ्या आत जाऊन फुगतात आणि गोल अंगाच्या जातींना, म्हणजे ओरांडा, रयुकिन यांना, अनेकदा बद्धकोष्ठ होतं. मग मासा तिरका किंवा उलटा तरंगतो. तरंगण्याच्या प्रत्येक दुखण्याचं कारण हेच असतं असं नाही, पण चोथा असलेलं हिरवं खाणं मिळत राहिलं तर त्रास कमी होतो, हा माशांच्या जाणकारांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

आता हिशेब. तोच साठ बाय चाळीसचा टब घेऊ. त्याचा पृष्ठभाग ०.२४ चौरस मीटर. चांगल्या व्यवस्थापनात चौरस मीटरला दिवसाकाठी ५० ते १०० ग्रॅम ताजं डकवीड निघतं. घरच्या टबासाठी खालचा आकडा धरणं शहाणपणाचं. ०.२४ गुणिले ५० म्हणजे दिवसाला १२ ग्रॅम.

तीस ग्रॅम वजनाचा, बोटाहून थोडा लांब गोल्डफिश दिवसाला आपल्या वजनाच्या एक ते दोन टक्के कोरडं अन्न खातो, म्हणजे ०.३ ते ०.६ ग्रॅम. त्यातलं निम्मं डकवीडमधून द्यायचं ठरवलं तर ०.१५ ते ०.३ ग्रॅम कोरडं सत्त्व हवं. ताज्या डकवीडमध्ये सहा टक्के कोरडा भाग धरला, तर हे झालं अडीच ते पाच ग्रॅम ताजा पाला. बारा ग्रॅम रोजच्या पिकात दोन ते चार मासे बसतात.

पाच ग्रॅम निथळलेलं डकवीड म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. माशामागे चमचा किंवा अर्धा चमचा, एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं. उरलेलं निम्मं खाणं गोळी-खाद्याचंच ठेवावं. वाढत्या पिल्लांना प्रथिनं जास्त लागतात, त्यांना डकवीड चवीपुरतंच.

६. टब, ऊन आणि पाणी

टब खोल नको, पसरट हवा. पीक पृष्ठभागावर येतं, त्यामुळे बादलीपेक्षा कपडे भिजवायचा रुंद टब बरा. वीस-पंचवीस सेंटिमीटर पाणी पुरतं. त्याहून उथळ ठेवलं तर दुपारी पाणी लवकर तापतं. टब फिक्या रंगाचा असावा. काळा टब नाशिकच्या उन्हात भट्टी होतो.

टाकीतच पीक घ्यायचा मोह टाळावा. गोल्डफिश उभं पीक खाऊन टाकतो, आणि फिल्टरच्या धारेने चकत्या बुडतात, ओल्या होतात, मरतात. डकवीडला पृष्ठभाग शांत लागतो. म्हणून टब वेगळा आणि त्यात हवेचा पंप नाही.

पाणी टाकीचं. आठवड्याला पाणी बदलताना काढलेलं पाणी टबात ओतायचं आणि टबातलं तेवढंच जुनं पाणी झाडांना घालायचं. टाकीला मीठ किंवा औषध घातलेलं असेल तेव्हा ते पाणी टबात घालू नये. सुरुवातीला नळाचं पाणी वापरायचं झालं तर ते एक-दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्यावा.

मासे थोडे आणि टब मोठा असेल तर खत कमी पडतं. नाशिकच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ हे विद्राव्य खत मिळतं. वीस लिटर पाण्याला एक ग्रॅम, म्हणजे दोन चिमट्यांएवढं, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. जास्त घातलं तर डकवीडऐवजी हिरवं गढूळ शेवाळ माजतं.

शेतकऱ्याच्या घरी एक पथ्य कडक पाळावं लागेल. फवारणीचा पंप, औषध मोजायचं माप, बोर्डो मिश्रणाची बादली यांतलं काहीही या टबाजवळ येता कामा नये. द्राक्षबागेत वापरलं जाणारं मोरचूद हे तांब्याचं संयुग आहे, आणि तांबं थोडं जरी पाण्यात मिसळलं तरी डकवीड आणि मासे दोघांनाही बाधतं. लेम्ना रसायनांबाबत इतकी हळवी आहे की एखादं नवं रसायन पाणवनस्पतींना किती घातक, हे तपासायच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तीच वापरतात. त्या चाचणीची सध्याची ठरलेली पद्धत २००६ साली निश्चित झाली. सात दिवस चकत्या मोजायच्या आणि वाढ किती खुंटली ते बघायचं. घरचा टबही याच प्रकारे बोलतो : तजेलदार पीक दोन दिवसांत पांढरं पडलं, तर पाण्यात काहीतरी गेलं आहे असं समजावं आणि ते पीक माशांना घालू नये.

७. नदीतलं का आणू नये

पाहिजे तेवढं डकवीड नाल्यात, डबक्यात, नदीच्या संथ कडेला फुकट मिळतं. मग टब कशाला?

कारण डकवीड पाणी साफ करतं. हे वाक्य कौतुकाचं आहे तसंच धोक्याचंही. साफ करतं म्हणजे पाण्यातलं उचलून स्वतःत साठवतं. ते फक्त नायट्रोजन आणि फॉस्फरस उचलत नाही. कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त असे जड धातूही उचलतं. धातूंनी दूषित झालेलं पाणी साफ करण्यासाठी ज्या वनस्पतींवर जगभर प्रयोग झाले, त्यांत डकवीड पुढच्या रांगेत आहे. मिर्झापूरला ही भीती कमी होती, कारण तिथलं सांडपाणी रुग्णालयाचं आणि वसतिगृहांचं होतं, कारखान्यांचं नव्हे.

गोदावरीचं तसं नाही. नंदिनी ऊर्फ नासर्डी नदी सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्याकडून येते आणि टाकळीजवळ गोदावरीला मिळते. तोवर शहराचं सांडपाणीही नदीत आलेलं असतं. एकलहरे या संगमाच्या खालच्या अंगाला आहे. शिवाय कोळसा जाळणाऱ्या कुठल्याही केंद्राच्या राखेत आर्सेनिक, शिसं असे धातू अंशमात्र असतातच. पाणवेल नदीत एवढी का माजते, याचं उत्तरही इथेच आहे. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस तिला आयता मिळतो. त्याच पाण्यातलं डकवीड हिरवंगार, गुबगुबीत दिसेल आणि दिसण्यावरूनच फसगत होईल. त्याच्या अंगात काय साठलं आहे, ते डोळ्यांना कळत नाही. जे माशांना रोज, वर्षानुवर्षं घालायचं, ते असं असू नये.

म्हणून सुरुवातीच्या चकत्या मत्स्यालयाच्या दुकानातून किंवा मासे पाळणाऱ्या ओळखीच्या घरातून आणाव्यात. तिथूनही काही पाहुणे सोबत येतात : गोगलगायी, त्यांच्या जेलीसारख्या अंड्यांचे पुंजके, चतुराच्या अळ्या. चतुराची अळी शिकारी असते, माशांची बारीक पिल्लं ती धरते. यावर उपाय वेळखाऊ पण साधा आहे. आणलेल्या चकत्या गाळणीत वाहत्या पाण्याखाली धुवायच्या. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात काही मिनिटं ठेवून पुन्हा धुवायच्या. मग पांढऱ्या घमेल्यात आठवडाभर वेगळ्या ठेवायच्या. पांढऱ्या तळावर हलणारं काहीही लगेच दिसतं. त्यातल्या फक्त नव्या, स्वच्छ चकत्या पुढच्या भांड्यात न्यायच्या. असं दोन-तीन वेळा केलं की पीक निर्मळ होतं.

८. डासांचं काय?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. डकवीडचा टब कधीच कोरडा होत नाही. दाट थरामुळे डासांना अडचण होते हे खरं, पण आपण दर तीन दिवसांनी निम्मा पृष्ठभाग उघडा करतो, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही.

इलाज महाराष्ट्रातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना चांगला माहीत आहे : गप्पी मासे. हिवताप-डेंग्यूच्या मोहिमांत विहिरी, हौद आणि डबक्यांत ते सोडले जातात. टबात चार-पाच गप्पी सोडले की डासांच्या अळ्या उरत नाहीत. ते डकवीडला फारसं तोंड लावत नाहीत आणि त्यांच्या विष्ठेचं खतही पिकालाच मिळतं. थर काठोकाठ भरू दिला तर मात्र खाली प्राणवायू कमी पडून गप्पी गुदमरतात; वेळच्या वेळी कापणी करायला हे आणखी एक कारण.

ज्यांना गप्पी ठेवायचे नाहीत त्यांनी टबावर बारीक जाळी ताणून बांधावी.

९. निफाडची थंडी, वैशाखाचं ऊन

डकवीडला २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. एकलहऱ्यात हे वर्षातले बरेच महिने मिळतं, पण दोन्ही टोकं कडक आहेत. शेजारच्या निफाड तालुक्यात हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांच्या आसपास उतरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा रात्रींनंतर वाढ जवळजवळ थांबते. पीक मरत नाही, पण दुप्पट व्हायला तीनऐवजी आठ-दहा दिवस लागतात. टब भिंतीच्या आडोशाला, सकाळचं ऊन येईल अशा जागी सरकवावा आणि कापणी कमी करावी. गोल्डफिशचीही भूक थंडीत मंदावते, त्यामुळे हिशेब आपोआप जुळतो.

एप्रिल-मेमध्ये नाशिक चाळिशी गाठतं. पाणी ३५ अंशांच्या वर गेलं की चकत्या पांढऱ्या पडू लागतात. अकरानंतर सावली देणं, म्हणजे शेडनेटचा तुकडा बांधणं, आणि रोज कमी झालेलं पाणी भरून काढणं एवढं केलं तर पीक तगतं. पावसाळ्यात वेगळी अडचण असते. टब भरून वाहिला की पीक ओसंडून जातं. वरच्या कडेखाली दोन बोटांवर एक भोक पाडून त्याला जाळी लावली की जादा पाणी जातं आणि चकत्या राहतात. सततच्या पावसाने खतही पातळ होतं. श्रावणात मुळं लांबलेली दिसली तर आश्चर्य नाही.

एखादा टब बिघडलाच तर काय, म्हणून घरात खिडकीशी एका बरणीत थोड्या चकत्या कायम राखाव्यात.

१०. माशांना वाढताना

कापणी गाळणीने करावी, स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून घ्यावी, निथळावी आणि सकाळी द्यावी. गोळ्यांची सवय झालेला मासा पहिल्या दिवशी तोंड लावेलच असं नाही. एखाद्या वेळची गोळी चुकवली की तो चाखतो, आणि एकदा चव कळली की टाकीजवळ माणूस दिसताच वर येतो. बबल-आयसारख्या जातींना नीट दिसत नाही. त्यांच्यासाठी चिमूटभर पाला पाण्याखाली धरावा.

चकत्या फिल्टरच्या तोंडाशी जाऊन अडकतात. हवेच्या पंपाच्या नळीची दोन टोकं जोडून एक तरंगतं कडं केलं आणि पाला त्यात टाकला, तर तो एका जागी राहतो. दोन-तीन तासांनी उरलं असेल ते काढून टाकावं. डकवीडमध्ये कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं असतात आणि माशांना ही रंगद्रव्यं स्वतः बनवता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात. हिरवं खाणाऱ्या गोल्डफिशचा रंग टिकायला त्यामुळे मदत होते, पण फिका मासा आठ दिवसांत लालबुंद होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

पीक जास्त आलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येतं. एक खडा म्हणजे एका वेळचं खाणं. सावलीत पातळ पसरून वाळवलेलं डकवीडही डब्यात टिकतं, आणि थंडीच्या मंद महिन्यांत ते कामाला येतं.

आणि तरीही उरलं तर ते कुंडीत किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावं. नायट्रोजन भरपूर असल्याने ते लवकर कुजतं आणि कढीपत्त्याला, मोगऱ्याला चांगलं मानवतं. नाल्यात, ओढ्यात किंवा गोदावरीत ते सोडू नये, नकोसे झालेले गोल्डफिशही सोडू नयेत. एकलहऱ्याच्या खाली हीच नदी नांदूरमध्यमेश्वरला कादवेला भेटते. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ क्षेत्र तेच, आणि हिवाळ्यात तिथे हजारो पाणपक्षी उतरतात. वरून येणाऱ्या पाणवेलींचा भार ते क्षेत्र आधीच सोसतं आहे.